आकडा शून्यावर येईपर्यंत

दारू प्यायची तर अकरा पानी फॉर्मवर सही करून, नर्सच्या देखरेखीखाली, सकाळी दहा वाजता प्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू नका. तुमचा नवरा, भाऊ, दीर जे काही गुपचूप पितात त्यापेक्षा माझी पद्धत शंभर पटीने इभ्रतीची होती. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, उजेडात, डोक्याला बत्तीस वायरी लावून घेऊन मी प्यायला बसले. आणि त्याच खुर्चीत बसून मी एका माणसाला लग्नाचं विचारलं. आता पुढचं ऐकायचं असेल तर मध्ये बोलायचं नाही, मला ते खपत नाही.

मी गाडी शिकवते. बावीस वर्षं झाली. माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि माझ्या पायाशी एक जादाचा. शिकणारा माणूस मोकळ्या रस्त्यावर भिंतीशी लगट करायला निघतो, मी माझा ब्रेक दाबते, त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करते आणि पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात. दिवसाकाठी आठ माणसं. माझ्या आवाजाला चौकातले हवालदार वचकून असतात. सोळा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून घरात ओरडायला कोणी नाही, म्हणून सगळं गाडीतच उरकते.

माझ्या ऑफिसच्या समोरच्या दारात कवळीवाले बसतात. अख्खी इमारत त्यांना कवळीवालेच म्हणते आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, हे त्यावरून कवळ्या बनवतात. सत्तावन्न वर्षांचे, लग्न केलेलं नाही, बोलणं बेताचं. एखादी कवळी केसभर उंच वाटली तर पूर्ण फोडून पुन्हा करतील. दिवसभर स्पिरिटच्या दिव्याशी आणि त्या गुलाबी हिरड्या कालवायच्या उग्र द्रवाशी काम करून त्यांच्या नाकाने कधीच राजीनामा दिलाय. एकदा त्यांच्या शेगडीवर दूध करपून कोळसा झालं, वास आला म्हणून अख्खा मजला धावत आला, आणि हे पातेल्यापासून दोन हातांवर बसून एक दाढ घासत होते. वर आम्हालाच विचारतात, काय झालं?

रोज चार वाजता मी त्यांच्या टेबलावर चहा प्यायला जाते. वीसेक कवळ्या आमच्याकडे बघून दात काढत असतात आणि आम्ही दोघं चहा पितो. नऊ वर्षं. शिवाय ते माझे विद्यार्थी. चार वर्षं शिकतायत. माझ्याबरोबर असतात तेव्हा गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालवतात, आणि परीक्षेला बसले की चढावर गाडी बंद पाडतात. सहा वेळा नापास. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून असा दगड गेला नव्हता, आणि तरी मी त्यांच्यावर एकदाही ओरडले नाही. यावरून तुम्ही काय समजायचं ते समजला असाल.

तर तीन आठवड्यांपूर्वी चहा पिताना ते म्हणाले, "मॅडम, एक तारखेला मी ताईकडे जातोय. कायमचा."

त्यांची थोरली बहीण दुसऱ्या गावी एकटी असते. तळमजल्याची खोली रिकामी आहे, तिथे कारखाना थाटता येईल, म्हातारपणी एकमेकांना सोबत होईल. सगळं रास्तच होतं. आणि मी, जिच्या आवाजाने ट्रकवाले बाजूला होतात ती मी, म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. मग माझ्या ऑफिसात येऊन मी फायलींचं कपाट दोनदा आपटलं. मला तो माणूस हवा होता. चोपन्नाव्या वर्षी हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला तो चार वाजता समोर हवा होता, आणि खरं सांगायचं तर सकाळी सातलाही. आणि हे त्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली की माझ्या पायाशी नसलेला ब्रेक मी दणकून दाबत होते.

आता माझा भाचा. बहिणीचा मुलगा, डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही. दारूने मेंदूचं काय होतं यावर संशोधन करतो. दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो आणि जेवताना मेंदूबद्दलच बोलतो, त्यामुळे मी त्याला वाढते आणि ऐकत नाही. पण त्या रविवारी तो म्हणाला, "लोकांना वाटतं दारूने तरतरी येते. उलट आहे. दारू मेंदूला गुंगवते. पण सगळा मेंदू एकदम नाही गुंगत. कपाळामागचा भाग आधी. तो आपला ब्रेक असतो, मावशी. हे बोलू नको, ते करू नको म्हणणारा. तो पेंगायला लागला की माणसं मनातलं बोलून मोकळी होतात. मग मागचा छोटा मेंदू, की तोल जातो. आणखी प्यायली तर आठवणी साठवणारा भाग, मग दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही."

मी आमटीचा डाव खाली ठेवला. "नुसता ब्रेक पेंगायला किती लागते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "का?"

"असंच. माहिती असावी माणसाला."

मग तो रडगाणं गाऊ लागला की प्रयोगाला तरुण पोरं ढिगाने मिळतात, पन्नाशीच्या पुढचं कोणी मिळत नाही. आणि जन्मात कधी न प्यालेलं माणूस तर औषधालासुद्धा नाही. मी म्हटलं, मी येते. आणि येताना एक माणूस घेऊन येते.

तुम्ही विचाराल, घरीच दोन घोट का नाही घेतले? अहो, माझ्या गाडीत कोणाच्या तोंडाला नुसता वास आला तरी मी किल्ली काढून घेते आणि त्याला पायी घरी पाठवते. मी दुकानाच्या रांगेत बाटली घ्यायला उभी राहिले असते तर मागे-पुढे माझेच विद्यार्थी निघाले असते. पण विज्ञानासाठी प्यायचं म्हटलं की कोणाची काय बिशाद बोलायची. कवळीवाल्यांनाही मी तेच सांगितलं, विज्ञानासाठी. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर."

बुधवारी दहा वाजता आम्ही हजर. एक बुटकी खोली, दोन आरामखुर्च्या, समोर एकेक पडदा, जमिनीवर पांढऱ्या पट्टीची सरळ रेघ, आणि कोपऱ्यात हिरव्या पडद्यामागे सिस्टर. या सिस्टर म्हणजे पन्नाशीच्या बाई, चेहऱ्यावरची रेषा हलणार नाही. भाच्याने आमच्या डोक्यावर रबरी टोप्या चढवल्या आणि प्रत्येक वायरीच्या खाली थंडगार जेल भरलं. मी आदल्या दिवशी केस धुऊन, सेट करून आले होते. कवळीवाल्यांच्या कपाळावरून जेल ओघळत होतं आणि ते रुमालाने टिपत होते. या अवतारात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलणार होते.

फॉर्म अकरा पानी होता. विद्यार्थ्यांना नियमांचं पुस्तक पाठ करायला लावणारी मी, मी सरळ शेवटच्या पानावर सही ठोकली. कवळीवाल्यांनी ओळीखाली पट्टी धरून अकराही पानं वाचली. भाचा काहीतरी सांगत होता, की कोणाला खरं मिळेल, कोणाला नुसता रस, मलाही माहीत नाही, फक्त सिस्टरना माहीत, शेवटी लिफाफा उघडल्यावर कळेल. मी ऐकत नव्हते. मी मनातल्या मनात वाक्याची तालीम करत होते.

सिस्टर पडद्यामागून ग्लास घेऊन आल्या. केशरी, गार. तोंडाजवळ नेला आणि असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी. झालं, म्हटलं, आपली लॉटरी लागली. पहिला घोट आंबट, मागाहून कडवट. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी शेजारी बघितलं. कवळीवाल्यांनी ग्लास हुंगला, पुन्हा हुंगला, औषध घेतात तसा संपवला आणि जरा हिरमुसून म्हणाले, "मॅडम, मला नुसता रस आलाय."

"मला नाही," मी म्हटलं, आणि मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

अर्ध्या तासात तीन ग्लास झाले. मधे मधे सिस्टर रक्तातली दारू मोजायच्या यंत्रात फुंकायला लावायच्या आणि आकडा आपल्याकडे वळवून वहीत लिहायच्या. तिसऱ्या ग्लासानंतर खोलीच्या भिंती माझ्याकडे झुकून काय चाललंय ते बघायला लागल्या. मी खुश. पाय जमिनीवर ठरेनात. मग परीक्षा सुरू झाल्या. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला की नाही. बावीस वर्षं लोकांच्या डोक्यात लाल दिवा ठोकून बसवणाऱ्या बाईने लाल दिव्यावर नऊ वेळा बटण दाबलं आणि नऊही वेळा खदाखदा हसली. पंधरा शब्द लक्षात ठेवायचे होते, मी सहा सांगितले, त्यातले दोन तर यादीत नव्हतेच. पट्टीवरून चालायला सांगितलं तर तिसऱ्या पावलाला मी भाच्याच्या गळ्यात. "सिस्टर दोन का आहेत?" मी विचारलं, तेव्हा त्यांचा ओठ जरासा हलला. मला वाटलं, माझ्या नशेला दाद देतायत.

कवळीवाले उठले. ताठ. पट्टीवर नजर रोखून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ चालत गेले, फक्त पट्टीच्या शेजारून. परत आले आणि भाच्याला म्हणाले, "रस चांगला आहे." मग बसून छताच्या चौकटी मोठ्याने मोजू लागले. मला वाटलं, बिचारे मला सांभाळायला म्हणून जागे राहतायत. नऊ वर्षांत ते इतकं कधी बोलले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी स्वतःच्या झिंगण्यात इतकी गुंग होते की दुसऱ्याकडे बघायला फुरसत कुणाला.

मग पंधरा मिनिटांची विश्रांती. भाचा काचेपलीकडच्या खोलीत गेला. सिस्टर पडद्याआड. आम्ही दोघं, चौसष्ट वायरी, आणि माझं वाक्य.

"कवळीवाले," मी म्हटलं, "एक तारखेला जाऊ नका."

त्यांनी मोजणं थांबवलं. "का?"

"कारण मला तुमच्याशी लग्न करायचंय. मला आठ ते पाच काम असतं. बाकी वेळ मोकळी असते. तुम्हाला जमत असेल तर सांगा, नसेल तर मी प्यायलेली आहे, उद्या मला काही आठवणार नाही, तुम्हीही आठवायचं नाही."

बोलले. धडधडीत. कुठे अडखळले नाही. मेंदूचा ब्रेक गुंगल्याचा काय तो फायदा, असं मी मनात म्हणत होते.

कवळीवाले सावकाश माझ्याकडे वळले, कारण वायरी तेवढ्याच लांब होत्या. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही प्यायलेल्या आहात. पण मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला नुसता रस मिळालेला आहे. त्यामुळे मी बोलतो ते पक्कं. हो."

"काय हो?"

"हो म्हणजे हो. आणि दुसरी गोष्ट. चढावर गाडी मला येते. फार छान येते. सहाही वेळा मी ती मुद्दाम बंद पाडली. पास झालो असतो तर शिकायला कसा आलो असतो?"

चार वर्षं. सहा वेळा. त्या परीक्षकासमोर मी या माणसासाठी मान खाली घालून उभी राहिले होते.

"आणि तिसरी गोष्ट," ते म्हणाले. त्यांनी बोट वर केलं. "तुमचा वरचा डावीकडचा सुळा. जरासा आत वळलाय. मी हजारो दात केले, मॅडम, पण तसा एक करून बघावा म्हटलं तर हात चालत नाही. तुम्ही हसलात की मी त्याच्याकडे बघतो. नऊ वर्षं बघतोय."

जगातल्या कोणत्या बाईला कोणी असं काही म्हटलं असेल, मला माहीत नाही. आभाळ ठेंगणं झालं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले आणि त्यांनी मला जेल पुसलेला रुमाल दिला. पलीकडे काचेमागे भाचा यंत्रावरच्या रेघांकडे बघून डोकं खाजवत होता, कारण दोन्ही मेंदूंच्या रेघा एकदम कागदाबाहेर निघाल्या होत्या.

जेवण झालं. आणखी परीक्षा झाल्या. मी सगळ्यांत नापास झाले आणि मला कशाचंच काही वाटलं नाही. मनात मी त्यांची शेगडी माझ्या स्वयंपाकघरात कुठे बसेल ते ठरवत होते.

दोन वाजता भाचा लिफाफा घेऊन आला. सिस्टरही पडद्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या, ते मला जरा विचित्रच वाटलं. भाच्याने लिफाफा फाडला, कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"मावशी," तो म्हणाला, "तुला नुसता रस होता."

"भलतंच काय बोलतोस. मी प्यायलेय."

"ग्लासाच्या काठावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, वास यावा म्हणून. आत थेंबसुद्धा नव्हता. तू सकाळपासून पूर्ण शुद्धीत आहेस. होतं असं, मावशी. दारू मिळालीय असा मेंदूचा समज झाला की तो निम्मं काम स्वतःच करतो. पण तुझ्याइतकं मी कोणाचं बघितलं नाही. तू पट्टीवरून पडलीस."

सगळ्यात मोठा अपमान कुठला माहितीये? तो हे बोलला आणि भिंती एका क्षणात सरळ झाल्या. सिस्टर एक झाल्या. पाय जमिनीवर टेकले. मी सकाळी जे बोलले ते सगळं मीच बोलले होते, आणि आता पळायला जागा नव्हती.

"मग काका?" भाचा कागदावर बोट फिरवत होता. "काकांना पूर्ण मात्रा."

कवळीवाले उभे राहिले. मग बसले. "शक्य नाही," ते म्हणाले. "मला वासच आला नाही."

"तुम्हाला दूध जळल्याचा तरी आला होता का?" मी म्हटलं.

सिस्टरनी वही उघडली. इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांना आता सांगायला मिळत होतं. "अकरा वाजता अठ्ठ्याहत्तर होतात," त्या म्हणाल्या. "आत्ता बत्तीस. शून्य झाल्याशिवाय घरी सोडता येणार नाही."

अकरा वाजता. बरोबर तेव्हाच ते हो म्हणाले होते. माझं बोलणं खणखणीत शुद्धीतलं, आणि त्यांचं अठ्ठ्याहत्तरवालं. कोणत्याही माणसाने आता म्हटलं असतं, मॅडम, माफ करा, दारू बोलली. मी काही बोलू शकले नसते. येत्या रविवारी, एक तारखेला, त्यांनी सामानाचा टेम्पो भरला असता आणि मी खिडकीतून बघितलं असतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, मला सगळं आठवतंय. पण अशा अवस्थेतला माझा शब्द तुम्ही धरू नका. असं कच्चं काम मी कधी बाहेर पाठवलेलं नाही. आकडा शून्यावर येऊ दे. मग मी पुन्हा सांगतो."

"काय सांगता?"

"शून्यावर," ते म्हणाले.

मला सिस्टर म्हणाल्या, तुम्ही जाऊ शकता. मला तीन वाजता एक विद्यार्थिनी होती. मी तिला फोन करून सांगितलं, आज गाडी नाही, घरी बसून नियम वाच. मग बाथरूममध्ये जाऊन केसांतलं जेल धुतलं, आरशात स्वतःला चार शब्द सुनावले आणि परत येऊन खुर्चीत बसले. वायरी काढल्या होत्या. डोकं ओलं, हात रिकामे. मला एवढी भीती भर रस्त्यात समोरून बस आली तेव्हाही वाटली नव्हती.

अडीचला चोवीस. कवळीवाल्यांची जीभ अजून सैल होती. भाच्याला ते दाढ घासायची पद्धत समजावून सांगत होते, आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होते. मला जरा धीर आला.

तीनला सोळा. वाक्य अर्ध्यावर सोडून ते गप्प बसायला लागले. माझ्याकडे बघायचे आणि नजर वळवायचे.

साडेतीनला नऊ. सिस्टरनी आकडा मोठ्याने सांगितला, कारण आता त्याही त्यात गुंतल्या होत्या. कवळीवाले खिडकीशी उभे राहून म्हणाले, "आज हवा बरी आहे." माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस पुन्हा बंद होत होता. मी भाच्याला बाजूला घेतलं. "ऐक. त्यांना अजून थोडी देता येईल का? अर्धाच ग्लास."

"मावशी."

"विज्ञानासाठी."

"मावशी, खाली बस."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताई. आवाज एवढा मोठा होता की खोलीभर ऐकू आला. खोलीला रंग देऊन झाला, पांढरा दिलाय, टेबल कोणत्या भिंतीला लावायचं ते सांग, सुतार खोळंबलाय. कवळीवाले म्हणाले, "ताई, मी तुला संध्याकाळी फोन करतो." होही नाही, नाहीही नाही. फोन खिशात ठेवून ते बराच वेळ खिशावर हात ठेवून उभे होते. मी त्या पांढऱ्या खोलीचा मनापासून राग राग केला.

चार वाजून दहा मिनिटं. सिस्टरनी यंत्र पुढे केलं. कवळीवाल्यांनी ओठ लावून लांब श्वास सोडला. यंत्र टुक् करून वाजलं. सिस्टरनी या वेळी आकडा लपवला नाही, आम्हा सगळ्यांकडे वळवला. शून्य.

भाचा कागद चाळायचं सोंग करत होता. सिस्टर यंत्राची नळी पुसत होत्या, पुसून झालेली.

कवळीवाले माझ्यासमोर आले. तोंड उघडलं. मिटलं. कानापर्यंत लाल झाले. पुन्हा उघडलं. "मॅडम," ते म्हणाले, "चहा घेऊ या का?"

हेच. नऊ वर्षं जे होतं तेच. आता हा माणूस चहा पिईल, आभार मानेल, आणि रविवारी जाईल. मला त्यांचा राग आला, मग ते हातातला रुमाल कसा पिळतायत ते दिसलं आणि राग गेला. त्यांना यायचं होतं. त्यांच्या तोंडातून येत नव्हतं. अर्धा तास खिडकीशी उभं राहून ते तेच वाक्य जुळवत असणार, माझ्यासारखं.

आणि मग मला उमगलं की मी सकाळी काय केलं होतं. ते वाक्य दारूने नव्हतं बोललेलं. माझ्या पोटात संत्र्याचा रस होता आणि डोक्यात माझाच मेंदू, सगळा जागा, ब्रेकसकट शाबूत. कोणी मला ढकललं नव्हतं. म्हणजे मला जमतं. सकाळी जमलं होतं तर आता न जमायला काय झालं?

जमलं म्हणजे, सकाळसारखं नाही. सकाळी मी राणीसारखी बोलले होते. आता जीभ टाळूला चिकटली, आणि डोळ्यांत आधीच पाणी. "चहा नंतर," मी म्हटलं. "कवळीवाले, मी परत विचारते. सकाळचं सोडून द्या. मी शुद्धीत आहे, तुम्ही शुद्धीत आहात, हे दोघं साक्षीला आहेत. जाऊ नका. माझ्याकडे या. मला तुम्ही हवे आहात, आणि मला हे सांगताना फार भीती वाटतेय, म्हणून जे काय असेल ते लवकर सांगा."

सिस्टरच्या हातातली नळी थांबली.

त्यांनी मान खाली घातली. बुटांकडे बघत, ओठातल्या ओठात, शेजारच्या माणसालाही जेमतेम कळेल इतक्या बारीक आवाजात ते म्हणाले, "हो. नाही जात."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, परत सांगा."